नागपूरची मॅच

पत्नी शेवंताबाई गेल्या आणि त्यानंतर गुलाबराव रामटेक्यांना जुन्या मॅच पाहायचा नाद लागला. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर त्यांनी जवळच्याच रांझीत दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. दुपारी जेवण झालं की बाहेरच्या खोलीत खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात ओढून ते बसत. केबलवर एक चॅनल होतं, त्यावर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे सामने लागत. पांढरे कपडे, डोक्यावर हेल्मेट नसलेले बॅट्समन, सीमारेषेला जाडजूड दोरखंड. कोण जिंकणार हे सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या त्या मॅच गुलाबराव पापणी न हलवता बघत.

त्यांची मुलगी विनता शाळेत शिकवायची. शनिवारी तिची शाळा अर्धा दिवस असे. सुटली की ती वडिलांकडे येई, येताना वांग्याची भाजी नाहीतर डब्यात थोडं मटण आणी. वडील असे बसलेले पाहिले की तिला बरं वाटायचं. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी आवड असावी. तिचे सासरे भिंतीकडे बघत बसून गेले होते.

शिवाय त्या चॅनलचा आवाज दारातून आत येताना कानी पडला की तिला फॅक्टरीचं क्वार्टर आठवे. चौऱ्याऐंशी साली त्यांच्या क्वार्टरांच्या लाइनीत पहिला टीव्ही आला तो रामटेक्यांकडे. लाकडी पेटी, पुढे सरकणारी दारं, काळंपांढरं चित्र. मॅचच्या दिवशी आई सकाळी पलंग उभा करून भिंतीला लावायची आणि सतरंजी अंथरायची. लहान मुलं पुढे, बाया स्वयंपाकघराच्या दारात, पुरुष मागे, आणि उरलेले खिडकीबाहेर. एकजण कायम छतावर अँटिना धरून. "आलं का?" तो वरून ओरडे. "आलं, आलं! आता हलू नको!" खालून चाळीस जण ओरडत. भुईमुगाच्या शेंगांची टरफलं दुसऱ्या दिवशीपर्यंत सतरंजीतून निघत. चहाचं आधण दिवसभर चुलीवरून उतरत नसे. कधी लाइट जाई, मग सगळे तसेच अंधारात बसून राहत, कोणीतरी ट्रान्झिस्टर कानाला लावून स्कोअर सांगे. बाबा त्या गर्दीत मागे हाताची घडी घालून उभे असायचे. आपल्या घरात इतकी माणसं बसली आहेत याचं त्यांना काय अप्रूप होतं! विदर्भातल्या खेड्यातून आलेला माणूस. त्याच्या बापाला कोणी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं.

तिला त्या दिवसांची ओढ वाटे, हे खरं. पण एक मॅच तिने आठवणींतून बाजूला काढून ठेवलेली होती. तिच्याबद्दल त्या घरात एकतीस वर्षांत कोणी चकार शब्द काढला नव्हता.

दोन हजार एकोणीसच्या जानेवारीतल्या एका शनिवारी तो शब्द निघाला. विनताने त्या दिवशी नवीन टीव्ही लावून दिला होता, इंटरनेटवरचं सगळं दिसणारा. रिमोट कसा धरायचा, शोधायचं कसं, हे ती दाखवत होती.

"कोणतीही जुनी मॅच निघते यात बाबा. लोकांनी टाकून ठेवल्या आहेत. तुम्ही नाव सांगा फक्त."

गुलाबराव टीव्हीकडेच बघत म्हणाले, "सत्त्याऐंशीची नागपूरची असन का?"

विनताच्या हातातला रिमोट तसाच राहिला.

"वर्ल्ड कपची," ते म्हणाले. "न्यूझीलंडवाली."

"ती काहून पाहता बाबा?"

"केबलवर दोनदा लागली होती. पण ते हायलाइट्स लावतात. त्यात फक्त विकेटा अन् चौके दाखवतात. माणसं नाही दाखवत." ते थांबले. "मले माणसं पाहाची आहेत."

तेव्हा कुठे तिला उमजलं की पंधरा वर्षं आपले वडील खेळ पाहतच नव्हते.

*

मोहन तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. वीस वर्षांचा होता तेव्हा. उंच, किडकिडीत, आणि क्रिकेटचा इतका वेडा की कुठल्या मॅचमध्ये कोण किती धावांवर कसा आउट झाला ते झोपेतून उठवून विचारावं. नागपूरला वर्ल्ड कपची मॅच ठरली आणि तिथल्या मामाचं पत्र आलं: दोन तिकिटं मिळाली आहेत, मोहनला पाठवा. त्याच दिवशी, शनिवारी, मोहनची भोपाळला एका कारखान्यात अप्रेंटिसची लेखी परीक्षा होती. गुलाबरावांनी पत्र वाचून दुमडलं आणि म्हणाले, "मॅचा येतच राहतात. नोकरी येत नाही." शुक्रवारी संध्याकाळी पिशवी घेऊन मोहन स्टेशनावर गेला. अंगात निळ्या चौकडीचा शर्ट होता. दिवाळीला गुलाबरावांनी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून एकाच ताग्यातलं कापड आणलं होतं, त्यात मोहनचा शर्ट आणि विनताचा फ्रॉक झाला होता.

शनिवारी घर खच्चून भरलं होतं. विनता तोच फ्रॉक घालून अगदी पुढे, पडद्यापासून हातभर अंतरावर बसली होती. दुपार व्हायच्या आधी आपल्या बोलरने लागोपाठ तीन चेंडूंवर तिघांचे स्टंप उडवले. तिसरा उडाला तेव्हा घरात जो गलका उठला, त्याने छतावरचा माणूसही खाली उतरून आला. कॅमेरा लोकांकडे वळला. गर्दीत एक उंच मुलगा बाकावर चढून टोपी फिरवत नाचत होता. किडकिडीत. चौकडीचा शर्ट. अँटिना सुटल्यामुळे चित्राला मुंग्या आल्या होत्या, तरी तो शर्ट विनताला दिसला. तिने स्वतःच्या फ्रॉककडे पाहिलं आणि ओरडली, "दादा! तो पहा दादा!"

"अरे हो, मोहनच तर आहे!" मागून नीलकंठ वासनिक म्हणाले. ते शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत, गुलाबरावांबरोबर फॅक्टरीत एकाच शॉपमध्ये फिटर होते.

"मोहनच! शर्ट पहा न."

"भैया, आपका लड़का तो टीव्ही में आ गया!" खिडकीबाहेरून भैयालाल ओरडला. सगळे हसले. कोणी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात कॅमेरा फिरला आणि पुढचा बॅट्समन खेळायला आला.

विनता हसत मागे वळली. बाबांना बघायचं होतं. बाबा हाताची घडी सोडून उभे होते आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. परीक्षा सगळ्या लाइनीला ठाऊक होती. बाबाच सांगत फिरले होते.

रविवारी सकाळी मोहन परतला. नळावर पाच-सहा पुरुष उभे होते. नीलकंठांनीच विचारलं, "काय मोहन, कशी झाली मॅच?"

"पाहाले कुठं भेटली काका," मोहन म्हणाला. "भोपाळ स्टेशनावर ऐकली थोडी. काय हॅटट्रिक घेतली न!"

नळावर सगळे खो खो हसले. मोहनला कळेना काय झालं. गुलाबराव घरातून बाहेर आले.

"कुठं होता?"

"भोपाळला. पेपर दिला बाबा. पेपर..."

पुढचं बोलायच्या आत त्याच्या कानशिलात बसली. वीस वर्षांच्या मुलाच्या, सगळ्या लाइनीसमोर.

"हॉल तिकीट दाखव."

"ते तिथंच जमा करून घेतलं."

"गाडीचं तिकीट?"

"गेटवर घेतलं न बाबूनं."

"घेतलं! सगळं घेतलं! चाळीस माणसांनी तुले पाहिलं. चाळीस माणसं खोटी अन् तू एकटा खरा?" गुलाबरावांनी मागे वळून पाहिलं. विनता दारात उभी होती, कालच्याच फ्रॉकमध्ये. "विनता, सांग त्याले. कोण होतं टीव्हीत?"

मोहननेही तिच्याकडे पाहिलं.

ती चौदा वर्षांची होती. वडिलांच्या आवाजाला घाबरली होती, हे एक. पण दुसरं असं की तिला खरोखरच तसं वाटत होतं. तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"दादाच होता," ती म्हणाली.

संध्याकाळच्या गाडीने मोहन नागपूरला मामाकडे गेला आणि तिथेच राहिला. मामाने पत्रात लिहिलं की मोहन मॅचला आला नव्हता, त्याचं तिकीट मी ऑफिसातल्या माणसाला दिलं. गुलाबरावांनी ते पत्र बाजूला सारलं. मामा भाच्याला पाठीशी घालतोच. परीक्षेचं काही पत्र आलं नाही. म्हणजे एकतर नापास झाला, नाहीतर बसलाच नव्हता. गुलाबरावांनी दुसरं धरलं.

मोहनने मोटारींचं वाइंडिंग शिकून घेतलं, नागपुरातच इंदोऱ्यात दुकान टाकलं, लग्न केलं. लग्नाला शेवंताबाई एकट्याच गेल्या. त्या दरवर्षी लेकीच्या हाती त्याला काहीबाही पाठवत. दोन हजार चारमध्ये त्या गेल्या तेव्हा मोहन आला, खांदा दिला, आणि घाटावरूनच बस स्टँडला निघून गेला. बापलेक एकमेकांना ओलांडून गेले, बोलले नाहीत. विनता नागपूरला लग्नाकार्यात त्याला भेटायची. तो तिच्याशी नीट वागायचा, तिच्या मुलीचं विचारायचा. त्या दिवसाचा विषय मात्र दोघंही कधी काढत नसत.

*

मॅच सापडली. कोणीतरी घरच्या टेपवरून उतरवून तुकड्या-तुकड्यांनी टाकली होती, मधल्या जाहिरातींसकट.

"तेवढाच भाग काढू का बाबा?"

"नाही. पहिल्यापासून लाव."

त्यांनी पहिल्या चेंडूपासून पाहिली. गुलाबरावांची नजर मैदानावर नव्हतीच. चेंडू सीमापार गेला की ते पुढे झुकत, कारण तेव्हा लोक दिसत. कोणी छत्री धरलेली, कोणी डबा उघडलेला, कागदी टोप्या घातलेली पोरं. चित्र रंगीत होतं. विनताला ते विचित्र वाटत होतं. हा दिवस तिच्या मनात कायम करडा होता. गवत इतकं हिरवं असेल असं तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मध्येच तिने भाकर केली. दोघांनी टीव्हीसमोरच खाल्ली.

तो बोलर आला. पहिला स्टंप उडाला. दुसरा. गुलाबराव खुर्चीवरून उठले आणि टीव्हीजवळ जाऊन उभे राहिले, एक हात भिंतीला टेकून. तिसरा उडाला. कॅमेरा लोकांकडे वळला.

बाकावर चढलेला मुलगा टोपी फिरवत होता. उंच, किडकिडीत. शर्ट लाल चौकडीचा होता.

विनताने बटण दाबलं. चित्र थांबलं. मुलाचा चेहरा समोर होता, जरा धूसर, पण चांगला दिसत होता. रुंद जबडा, पुढचे दात फाकलेले. कोण कुठला मुलगा, आनंदाने वेडा झालेला. मोहनसारखं त्याच्यात काही म्हणजे काही नव्हतं.

"लाल आहे," गुलाबराव म्हणाले.

"हो बाबा."

"पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं. तीन वेळा लावलं. चौथ्यांदा त्यांनी हातानेच नको म्हटलं आणि खुर्चीत येऊन बसले. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. विनताला रडू येत होतं, पण वडील रडत नव्हते, म्हणून तिलाही रडता येईना.

"बाबा, मीच ओरडली होती," ती म्हणाली. "पहिल्यांदा मीच."

"तू लेकरू होतीस." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "मी त्याले वीस वर्षं वाढवलं होतं. मले त्याची सवय माहीत होती, चाल माहीत होती. तो खोटं बोलला की कान लाल होत होते त्याचे. त्या दिवशी नव्हते झाले. मी पाहिलं होतं. पाहूनबी..." ते थांबले. "लोक हसले न. तिथं चुकलं माझं. लोक हसले ते मले सोसलं नाही."

"तुम्हाला आधीच वाटत होतं का बाबा? की तो नव्हता?"

"तुझी आई मरेपर्यंत एकच बोलत होती. माझं पोरगं खोटं नाही बोलत. मी म्हणे, चूप. ती गेली तेव्हापासून पाहून राहिलो." त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "भीतीबी वाटे. दिसला तर बरं, का नाही दिसला तर बरं, काही समजत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज स्पष्ट होता. "त्या वेळचे आपल्या लाइनीतले कोण कोण आहेत आता?"

विनताने विचार करून नावं सांगितली. नीलकंठ काका आहेत, मुलाकडे राहतात. चंपाबाई आहेत. भैयालालला दिसत नाही फारसं, पण आहे. आणखी चार-पाच इकडेतिकडे. बाकीचे गेले किंवा गाव सोडून गेले.

"येत्या रविवारी बोलाव त्याइले. जेवाले सांग."

"कशाला बाबा?"

"सगळ्याइच्या समोर बोललो होतो," ते म्हणाले.

रविवारी सात जण आले. नातवांनी गाडीवरून आणून सोडलेले, काठ्या टेकत आलेले. चंपाबाईंनी पांढरी साडी नेसली होती, जणू विहारात परित्राणपाठाला आल्या होत्या. "जय भीम गुलाबराव, काय कार्यक्रम आहे?" त्यांना वाटलं, नवीन टीव्ही घेतला म्हणून जेवण. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा विनताने सतरंजी अंथरली. बसता बसता जुन्या गोष्टी निघाल्या. किती गर्दी व्हायची, कोण छतावरून पडला होता, शेवंताबाईंचा चहा. भैयालाल म्हणाला, "वो भी क्या दिन थे भैया. अब तो सब अपने-अपने मोबाइल में घुसे हैं." सगळे हसले, थोडे हळहळले.

गुलाबराव उभे राहिले. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीही पाठ ताठ होती.

"मले एक दाखवायचं आहे," ते म्हणाले. "मग जेवू."

विनताने तेवढाच तुकडा लावला. तीन स्टंप, गलका, बाकावरचा मुलगा. तिथे तिने चित्र थांबवलं.

"हा सत्त्याऐंशीचा माणूस आहे," गुलाबराव म्हणाले. "तुम्ही सर्वांनी पाहिला होता. मी म्हटलं होतं हा मोहन आहे, अन् लाइनीसमोर त्याले मारलं होतं. खोटा म्हटलं होतं. नीट पाहा. हा मोहन नाही. मोहन त्या दिवशी भोपाळला होता. तो खरं बोलला होता. खोटा मी होतो."

नीलकंठ डोळ्यांवरचा चष्मा वर करून पुढे सरकले, बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि मग खाली बघू लागले.

"गुलाबराव," ते हळूच म्हणाले, "इतक्या वर्षांनी काहून काढता हे? कोणाच्या ध्यानात आहे आता?"

"माझ्या आहे. मोहनच्या आहे."

"नळावर मीच त्याले टोकलं होतं," नीलकंठ म्हणाले. "गंमत म्हणून."

चंपाबाईंनी पदराने डोळे पुसले. "शेवंता असती तर," एवढंच त्या म्हणाल्या. भैयालालला चित्र दिसलं नव्हतं, त्याने शेजारच्याला विचारलं, आणि कळल्यावर तो उठून चाचपडत गुलाबरावांपाशी आला आणि त्यांचा हात धरून उभा राहिला. जेवून जाताना प्रत्येकाने विनताला मोहनचा पत्ता नाहीतर नंबर विचारला.

"आता दादाला फोन लावू?" सगळे गेल्यावर ती म्हणाली.

"फोनवर नाही. मी जातो."

*

नागपूरला सिवनीमार्गे बसने सहा-सात तास लागतात. विनताने रजा टाकली. गुलाबराव खिडकीशी बसले, वाटेत काही खाल्लं नाही, पाणी घोटभर प्यायले. विनताने मोहनला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की बाबांना घेऊन येते आहे. तो "बरं" म्हणाला होता. त्याच्या आवाजावरून काही कळलं नव्हतं.

दुकान रस्त्यालगतच होतं. उघडलेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास. मोहन वेताच्या बुटक्या मोड्यावर बसून एका मोटारीत तार भरत होता. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. समोर पिठाच्या गिरणीचा मालक मोटारीसाठी थांबून होता, आणि दोन कारागीर आत काम करत होते.

मोहनने वर पाहिलं. उठला नाही, पण हात थांबले.

विनताला वाटलं होतं की बाबा त्याला बाजूला घेतील. त्यांनी तसं केलं नाही. दुकानाच्या पायरीवर उभे राहून, त्या गिरणीवाल्यासमोर, कारागिरांसमोर ते म्हणाले, "मोहन, मी ती मॅच पाहिली. तो मुलगा तू नव्हतास. मी तुले नाहक मारलं, अन् खोटा ठरवलं. माझं चुकलं. लाइनीतले जे जिवंत आहेत त्याइले मी सांगून आलो. आता तुले सांगून राहिलो."

गिरणीवाला गोंधळून कधी इकडे बघे, कधी तिकडे. मोहनने हातातली तार रिळावर गुंडाळली, सावकाश, टोक नीट खोचून.

"मला माहीतच होतं बाबा," तो म्हणाला. "मी नव्हतो ते."

"हो," गुलाबराव म्हणाले.

"बसा." त्याने स्टूल पुढे केलं आणि कारागिराला हाक मारून चहा सांगितला. मग गिरणीवाल्याला म्हणाला, "तुमची संध्याकाळी देतो भाऊ. आत्ता जा."

तो गेला. चहा आला. तिघं चहा प्यायले. रस्त्यावरून ऑटो जात होत्या. विनताने बाबांच्या हातून रिकामी कपबशी घेतली.

"दादा," ती म्हणाली, "मी..."

"राहू दे."

"नाही, मला बोलू दे. बाबांनी विचारलं तेव्हा मी..."

"मला तुझा राग आला होता," मोहन म्हणाला. "खोटं कशाला सांगू. बाबांपेक्षा जास्त दिवस तुझा राग होता. मग माझी पोरगी चौदा वर्षांची झाली. तेव्हा पाहिलं, चौदा वर्षांचं लेकरू किती असतं ते. तेव्हा गेला." तो थोडा थांबला. "आईला मात्र एकदा कळायला पाहिजे होतं."

"तिले माहीत होतं," गुलाबराव म्हणाले. "फक्त मलेच माहीत नव्हतं."

मोहनने मान खाली घातली. बराच वेळ तो बोटांना लागलेलं वार्निश खरवडत राहिला. पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता, वीस वर्षांच्या पोरासारखा हट्टी झाला होता.

"पेपर चांगला गेला होता बाबा. तेच सांगत होतो नळावर. गाडीत रात्रभर ठरवलं होतं, घरी गेल्याबरोबर तुम्हाला सांगायचं. ते राहूनच गेलं."

गुलाबरावांनी स्टूल थोडं पुढे ओढलं. "सांग आता," ते म्हणाले.

"आता काय सांगू? तीस वर्षं झाली."

"जेवढं आठवते तेवढं सांग. मले ऐकाचं आहे."

मोहनने बहिणीकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहत, अडखळत, आठवत आठवत तो सांगू लागला. मोठं सभागृह होतं. खिडकीजवळची जागा मिळाली होती. गणितं सोपी होती, हौदाला दोन नळ लावले तर तो किती वेळात भरेल असं एक होतं, ते त्याने दोनदा तपासलं. इंग्रजीत एक पत्र लिहायला होतं. ड्रॉइंगमध्ये बोल्ट काढायचा होता, बाजूने आणि वरून. तो अगदी फॅक्टरीच्या फिटरने काढावा तसा आला होता, कारण बाबांनी घरी शिकवला होता.

"आठ एमएमचा का दहाचा?" गुलाबरावांनी विचारलं.

"दहाचा."

"आट्यांची चुडी बरोबर दाखवली होती?"

"दाखवली होती."

गुलाबराव मान हलवत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. "मग घेतलं काहून नाही तुले?" ते म्हणाले, जणू ती यादी आज सकाळीच लागली होती.

"काय माहीत बाबा. लोकच फार होते."

पुढचं त्याला आठवेना. गुलाबरावांनी घाई केली नाही.

आतून कारागिराने हाक मारली, वार्निश संपलं म्हणून. मोहन उठला, त्याला काहीतरी सांगून आला आणि त्याने दोराला धरून शटर अर्धं खाली ओढलं.

"चला घरी," तो म्हणाला. "पोरी वाट पाहून राहिल्या असतील. त्याइनं आजोबाला कधी पाहिलंच नाही."

गुलाबराव उठले. पायरी उंच होती. मोहनने हात पुढे केला नाही, पण तो पायरीच्या खाली, वडील उतरेपर्यंत, तिथेच थांबून राहिला.